उघडं न पडणारं अ‍ॅल्युमिनियम

घरात मल्टिमीटर असेल तर एक गंमत करून बघा. त्याची चकती ‘कंटिन्युइटी’च्या खुणेवर फिरवा, म्हणजे दोन टोकांमध्ये विजेला वाट मिळाली की मीटर ‘पीं’ वाजतो. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असलेला लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि मीटरची दोन्ही टोकं त्याच्या राखाडी झाकणावर हलकेच टेकवा. मीटर गप्प. टोकं अगदी शेजारी शेजारी टेकवा, तरी गप्पच. आता तीच टोकं कडेला न्या, जिथे चार्जरची पिन रोज घासून बारीकशी पांढरी रेघ उमटली आहे. टेकवताक्षणी पीं!

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे विजेच्या खांबांवरच्या तारांचा धातू. त्याच्या पत्र्यातून वीज जात नाही म्हणजे वर काहीतरी आहे, हे उघड. आपण त्याला सवयीने ‘रंग’ म्हणतो. तो उडाला की नवा मारावा, किंवा सगळाच खरवडून खालचा चकचकीत पत्रा मोकळा करावा, असं जुना लॅपटॉप हातात घेतलेल्या पुष्कळांना वाटतं. पण हा रंग डब्यातून आलेला नाही. तो ज्या थरात आहे तो थर कुणी लावलेला नाही. तो त्या पत्र्यातूनच वाढवलेला आहे. त्यामुळे तो काढायला बसलं की साधं पॉलिशचं काम रसायनशास्त्राच्या फार खोल पाण्यात नेऊन सोडतं.

खरोखर रंगवलेला धातूचा लॅपटॉपही होऊन गेला आहे. २००१च्या जानेवारीत अ‍ॅपलने ‘पॉवरबुक जी-४’ आणला, तो टायटॅनियमचा होता. एक इंच जाडी, त्या काळात डोळे विस्फारावेत असा. पण त्याच्या बॉडीवर रंग होता, आणि मनगटं टेकतात तिथे, कडांना, तो पोपडे धरून उडायचा. काही मालकांनी वैतागून सगळाच रंग काढून टाकला आणि खालचं टायटॅनियम तसंच वापरलं. २००३ मध्ये पॉवरबुक अ‍ॅल्युमिनियमचे झाले आणि पोपड्यांचा प्रश्न मिटला. याचं श्रेय जास्त चांगल्या रंगाला द्यायचं कारण नाही. अ‍ॅल्युमिनियमला रंगाचा थर वरून चिकटवावाच लागत नाही, हे त्याचं खरं कारण.

अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनची हाव विलक्षण आहे. ताज्या कापलेल्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की क्षणार्धात त्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि दोन ते चार नॅनोमीटरवर जाऊन थांबतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा जाडीत अणूंच्या जेमतेम काही रांगा बसतात, पण त्या इतक्या घट्ट असतात की ऑक्सिजनला पुढे जायला जागाच उरत नाही. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, भुगा होऊन पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. अ‍ॅल्युमिनियमचा गंज मात्र पहारा देतो.

हा पहारा उठवला तर काय होतं, हे पाऱ्याचा एक थेंब दाखवतो. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा काढून त्यात पारा टाकला की धातू पाऱ्यात विरघळत राहतो, वर येतो, हवा लागून त्याचं ऑक्साइड होतं. पण पाऱ्यामुळे ते खाली धरून राहू शकत नाही. मग पत्र्यातून पांढरे तंतू डोळ्यांदेखत वर वाढायला लागतात आणि वाढतच राहतात. पत्र्याला भोक पडेपर्यंत. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बॅरोमीटर विमानातून नेण्यावर निर्बंध आहेत त्यामागे हेच भय आहे; विमानाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. आपण ज्याला ‘न गंजणारा धातू’ म्हणतो तो मुळात गंजायला अत्यंत उतावीळ आहे. पहिल्याच क्षणी गंजतो म्हणून पुढे टिकतो.

दोन-चार नॅनोमीटरचं हे चिलखत खाऱ्या पाण्यापुढे अपुरं पडतं. विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूची समुद्रात उतरणाऱ्या विमानांमध्ये फार आबाळ व्हायची. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट या दोघांनी त्यावर उपाय काढला. क्रोमिक आम्लात तो भाग बुडवायचा, त्याला विजेच्या धन टोकाला जोडायचं आणि हवेने अर्धवट सोडलेलं काम विजेकडून पुरं करून घ्यायचं. चार वर्षांत गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, वापरूनही हे जमू लागलं आणि आज लॅपटॉपपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत बहुतेक ठिकाणी तीच पद्धत चालते. धन टोक म्हणजे अ‍ॅनोड, म्हणून प्रक्रियेचं नाव अ‍ॅनोडायझिंग. साधारण पंधरा-वीस टक्क्यांचं आम्ल, तापमान वीस अंशांच्या आसपास, आणि दाब बारा ते वीस व्होल्ट, म्हणजे लॅपटॉपच्या चार्जरमधून येतो तेवढाच.

टाकीत नेमकं काय घडतं ते बघण्यासारखं आहे. विजेच्या ओढीने पाण्यातला ऑक्सिजन थरातून आत शिरतो, धातूपर्यंत पोहोचतो आणि तिथे नवं ऑक्साइड बनतं. म्हणजे थर वाढतो तो खालून. सर्वांत वरचा भाग सर्वांत जुना आणि धातूला टेकलेला भाग आत्ताचा. थर विजेला अडवतो, त्यामुळे तो थोडा जाड झाला की वाढ थांबायला हवी. बोरेटसारख्या सौम्य द्रावणात ती थांबतेही. दर व्होल्टला सव्वा-दीड नॅनोमीटर, की पुढे बंद. असा छिद्ररहित थर दिलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बनतात. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये ते हमखास असतात, त्यामुळे बॉडीवरच्या थराचा सख्खा भाऊ चार्जरच्या पोटात आधीपासूनच बसलेला असतो.

गंधकाम्ल तेवढं सौम्य नाही. ते बनलेलं ऑक्साइड खातही जातं. एकीकडे थर बनतोय, दुसरीकडे आम्ल त्याला टोचतंय, आणि जिथे टोचलं तिथे थर पातळ झाल्यामुळे वीज तिथेच जास्त जाते, म्हणून आम्ल तिथेच जास्त खातं. या भांडणातून जे उभं राहतं ते कुणी आखलेलं नसतं: एकमेकांना खेटून उभ्या सरळ नळ्या, प्रत्येकीच्या मधोमध एक छिद्र, तळाशी पातळ बंद बूड. वरून पाहिलं तर मधाचं पोळं. १९५३ मध्ये केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने ही षट्कोनी रचना पहिल्यांदा नीट मांडली. छिद्राचा व्यास दहा-वीस नॅनोमीटर. नळीची लांबी मात्र दहा मायक्रॉन धरली तरी व्यासाच्या पाचशे ते हजार पट. दर चौरस सेंटिमीटरला अशी छिद्रं पन्नास अब्जांच्या घरात असतात. तेरा इंची लॅपटॉपच्या झाकणाची फक्त वरची बाजू मोजली तर हिशेब तीस लाख कोटी छिद्रांवर जातो. सरकारी अंदाजपत्रकांमुळे ‘लाख कोटी’ हा आकडा आपल्या कानाला सरावला आहे, पण तो प्रत्यक्ष तळहाताखाली असतो हे मला अजून पचत नाही.

रंग भरला जातो तो या छिद्रांत. पत्रा आम्लातून काढून धुतला की रंगाच्या गरम पाण्यात सोडतात. रंगाचे रेणू नळ्यांत उतरतात आणि ऑक्साइडच्या भिंतींना धरून बसतात. अ‍ॅल्युमिनियमला रंग धरून ठेवायचा हा गुण जुनाच. सुती कापड रंगवण्याआधी तुरटीच्या पाण्यातून काढायचे ते त्यासाठीच, आणि तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. शेवटी पत्रा जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवतात. त्यात ऑक्साइड पाणी पिऊन फुगतं आणि नळ्यांची तोंडं मिटतात. रंग आत कोंडला जातो. आपलं बोट त्या रंगाला कधीच लागत नाही. ते वरच्या पारदर्शक ऑक्साइडवर फिरतं. म्हणून तो वर्षानुवर्षं हाताळूनही पुसला जात नाही. गेलाच, तर नळ्यांसकट जातो.

मल्टिमीटर गप्प का बसला याचंही उत्तर इथे मिळतं. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड हे विजेचं उत्तम रोधक आहे. माणिक आणि नीलम याच ऑक्साइडचे स्फटिक आहेत. एकात क्रोमियमची भेसळ, दुसऱ्यात लोखंड आणि टायटॅनियमची. लॅपटॉपवरचा थर मात्र स्फटिक नव्हे. त्यातले अणू शिस्तीत रचलेले नसतात, शिवाय मध्ये छिद्रं, त्यामुळे माणकाचा कठीणपणा त्याला नाही. पण नखाला, किल्लीच्या किरकोळ घासण्याला तो दाद देत नाही.

आता तो काढायचा कसा? त्याआधी, समोर आहे ते अ‍ॅल्युमिनियमच आहे ना, एवढं बघून घ्यायलाच हवं. धातूसारखा दिसणारा रंग दिलेलं प्लॅस्टिक स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास असतं. ते हाताला लवकर कोमट लागतं आणि टिचकीला बद्द वाजतं. खरी काळजी मॅग्नेशियमची. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांचे सांगाडे, एलजी ग्रॅमसारख्या हलक्या लॅपटॉपच्या बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यावर रंग असतो. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. तिथे पॉलिशपेपर घेऊन बसूच नये. गंमत अशी की या दोघांचे स्वभाव उलटे आहेत. मॅग्नेशियम आम्लात विरघळतं पण कॉस्टिकला दाद देत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं नेमकं कॉस्टिकपुढे पाणी होतं.

कॉस्टिक सोडा, म्हणजे तुंबलेल्या मोरीत टाकायच्या पावडरींमधला मुख्य ऐवज. त्याचं पाच टक्क्यांच्या आसपासचं द्रावण थर उतरवायला पुरतं. लॅपटॉप पूर्ण खोलून, स्क्रीन, बॅटरी, अँटेनाच्या तारा, रबर, डिंक सगळं काढून नुसता पत्रा उरला पाहिजे, आणि तिथपर्यंत पोहोचणं हाच या कामातला सर्वांत किचकट भाग आहे. त्याबद्दल जास्त काय सांगणार, स्क्रू सांभाळावेत. कॉस्टिक मात्र सांभाळण्याच्या पलीकडचं आहे. डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते. जाड रबरी मोजे आणि बाजू बंद असलेला चष्मा घालून, मोकळ्या हवेत, प्लॅस्टिकच्या घमेल्यात. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक. उलटं केलं तर पाणी उसळून अंगावर येतं. शेजारी भरपूर साधं पाणी. घरात लहान मुलं असतील तर हे काम वर्कशॉपवाल्याकडे सोपवावं, हे माझं मत.

राखाडी झाकण द्रावणात बुडवलं की पहिल्यांदा काहीच होत नाही. एक बुडबुडा नाही. ऑक्साइड विरघळतंय, पण त्यातून वायू सुटत नाही, त्यामुळे बाहेरून सगळं स्वस्थ दिसतं. मग कडेला, जिथे थर पातळ असतो तिथे, रंगाचा एक अस्पष्ट धुरकट पट्टा पत्र्यापासून सुटून पाण्यात उतरताना दिसतो. नळ्यांची मिटलेली तोंडं उघडली गेली. त्यानंतर, कधी एका कोपऱ्यातून तर कधी एखाद्या ओरखड्याच्या रेषेवरून, बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागते, आणि पाहता पाहता सगळा पत्रा फसफसतो. हाच तो क्षण! थर संपला, कॉस्टिक धातूला भिडलं, आणि आता सुटतोय तो हायड्रोजन. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळलं की सव्वा लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो, म्हणून आसपास काडी, शेगडी, उदबत्ती काही नको. पत्रा लगेच बाहेर काढून धुवायचा. इथे जितका उशीर तितका चांगला धातू पाण्यात जातो, स्क्रूच्या आट्यांसकट.

उतरलेला थर वजनाला किती? दहा मायक्रॉन जाडी धरून झाकणाच्या दोन्ही बाजूंचा हिशेब केला तर तीनेक ग्रॅम. एवढ्याशा पदार्थावर लॅपटॉपचं सगळं रूप उभं होतं.

घमेल्यात आता सोडियम अ‍ॅल्युमिनेटचं द्रावण आहे, आणि नेमक्या याच द्रावणातून जगातलं बहुतेक सगळं अ‍ॅल्युमिनियम आलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडीच्या बाजूला सड्यांवर बॉक्साइट सापडतं. तांबूस, जड, खडबडीत दगड. बेळगावच्या कारखान्यासारख्या ठिकाणी बॉक्साइटवर पहिला संस्कार होतो तो गरम कॉस्टिक सोड्याचा. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड विरघळून द्रावणात येतं, लोखंडाची लाल माती खाली राहते. १८८८ मध्ये ही पद्धत शोधणारा कार्ल जोसेफ बायर हा ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ तेव्हा रशियात काम करत होता आणि त्याला धातू नकोच होता! सुती कापडाला रंग पक्का बसावा म्हणून कापडगिरण्यांना शुद्ध अ‍ॅल्युमिना हवा होता. त्याच्या दोन वर्षं आधी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू यांनी एकमेकांना न ओळखता, अ‍ॅल्युमिनापासून विजेच्या साहाय्याने धातू वेगळा करण्याची एकच रीत शोधली होती. दोघंही १८६३ मध्ये जन्मलेले. दोघंही १९१४ मध्ये गेले. बायरचा अ‍ॅल्युमिना त्यांच्या भट्टीत गेला, आणि ज्या धातूचे काटे-चमचे तिसरा नेपोलियन मानाच्या पाहुण्यांपुढे ठेवायचा असं सांगतात, त्याची पुढे आपल्याकडे जर्मनची पातेली झाली. लॅपटॉपचं कवच कॉस्टिकमध्ये उतरवणारा माणूस त्या थराला, नकळत, खाणीतून आल्यावरच्या पहिल्या पायरीवर परत नेऊन ठेवतो.

धुतलेला पत्रा पाहून मात्र पहिल्यांदा निराशा होते. चांदीसारखा चमकेल म्हणून वाट पाहावी, तर हातात येतो काळपट, मळकट पत्रा. बोट फिरवलं तर बोटाला काजळी. लॅपटॉपचं अ‍ॅल्युमिनियम शुद्ध नसतं. त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन, थोडं लोखंड, तांबं असतं, आणि यातलं काही कॉस्टिकमध्ये विरघळत नाही. अ‍ॅल्युमिनियम निघून जातं, हे गाळ होऊन वर बसतं. कारखान्यात तो नायट्रिक आम्लात बुडवून काढतात. इतकं जहाल आम्ल, पण अ‍ॅल्युमिनियमला काही करत नाही, कारण ते धातूवर नवा ऑक्साइडचा पापुद्रा धरू देतं. संहत नायट्रिक आम्लाची वाहतूक अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्यांतूनही होते. घरी नायट्रिकच्या वाटेला जाऊ नये. बारीक वॉटर पेपर आणि साबणाचं पाणी पुरतं. जड पाण्याने कुकर आतून काळा पडतो त्यामागेही अ‍ॅल्युमिनियम आणि अल्कली यांचंच वैर आहे, आणि कुकरच्या पाण्यात लिंबाची साल टाकणाऱ्या आज्यांनी त्यावरचा आम्लाचा उतारा केव्हाच शोधून ठेवला होता.

कॉस्टिकच्या भानगडीत न पडता नुसतं घासूनही थर काढता येतो. वेळ फार लागतो आणि पेपर भराभर बोथट होतात. कारण सुताराकडे असतो त्या तांबूस पॉलिशपेपरचे कण कशाचे असतात? अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचेच. काळ्या वॉटर पेपरवर बहुतेक सिलिकॉन कार्बाइड असतं, ते आणखी कठीण, म्हणून या कामाला बरं. चारशे नंबरपासून सुरुवात करून सहाशे, आठशे, हजार, दोन हजार असं चढत जायचं. प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवं घासायचं, म्हणजे आधीच्या सगळ्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. शेवटी आरशासारखी चमक देणाऱ्या पॉलिशच्या भुकटीतही पुष्कळदा असतं तेच, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड.

इथे एक गोष्ट कायमची हातची जाते. मॅकबुकसारख्या लॅपटॉपचा तो मऊ, चमक नसलेला पोत रंगाचा नसतो. अ‍ॅनोडायझिंगच्या आधी पत्र्यावर दाबाच्या हवेने बारीक मणी मारतात, त्याला ब्लास्टिंग म्हणतात. त्याने पत्र्यावर असंख्य बारीक खळगे पडतात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. वरचा थर पारदर्शक असल्यामुळे ते खळगे त्यातून दिसत राहतात. कॉस्टिकने ते बोथट होतात, पेपरने साफ जातात. भोसरी, वसई, अंबड अशा औद्योगिक वसाहतींमध्ये जॉबवर्क करणारे अ‍ॅनोडायझिंगवाले असतात. एक सुटा पत्रा घ्यायला ते नाराज असतात, पण दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर हँगरला लावून देतात कधी कधी. तिथे पत्रा द्यायचा तर आधी ब्लास्टिंग करून घ्यावं, लोखंडी इन्सर्ट काढावेत, आणि मूळ छटा तंतोतंत मिळेल ही आशा सोडावी. मिश्रधातू, थराची जाडी, रंगाच्या पाण्याचं वय, यांतलं काहीही बदललं तरी छटा बदलते. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतील तर त्यातल्या भरपूर सिलिकॉनमुळे ते धुरकटच राहतात. रंगाचा स्प्रे मारायचा असेल तर प्रायमरशिवाय तो गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, आणि वाय-फायच्या अँटेनासमोरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर धातूचे कण असलेला स्प्रे मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने सिग्नलला दार लावणं.

आणि काहीच न करता तसाच ठेवला तर? ‘तसाच’ राहतच नाही. पेपर उचलला त्याच क्षणी हवेने त्यावर आपला दोन-चार नॅनोमीटरचा पापुद्रा चढवलेला असतो. उघडं अ‍ॅल्युमिनियम म्हणून आपण ज्याच्याकडे कौतुकाने पाहतो ते उघडं नसतंच. कुणीही, कितीही घासलं तरी हवेत ते उघडं दिसणार नाही. फक्त दहा मायक्रॉनच्या जागी आता चार नॅनोमीटर आहेत, आणि घामातल्या मिठाला तेवढे पुरत नाहीत. तळहाताच्या जागा मंद होतात, बोटांचे ठसे धरतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात, स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरे ठिपके दिसू लागतात. मेणाचा हात अधूनमधून फिरवत राहावा लागतो. मला व्यक्तिशः असा वापरून मळलेला पत्रा आवडतो, पण ज्याला आरसा हवा आहे त्याने महिन्याला पॉलिशची तयारी ठेवावी.

चमकत्या लॅपटॉपची आणखी एक किंमत असते, ती डोळ्याला दिसत नाही. गरम वस्तू इन्फ्रारेड किरणांतूनही उष्णता बाहेर टाकते, आणि किती टाकणार ते पृष्ठभागावर ठरतं. आदर्श काळ्या पृष्ठभागाला शंभर मार्क दिले तर अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमला ऐंशीच्या आसपास मिळतात, मग त्याचा रंग कुठलाही असो. पॉलिश केलेल्याला जेमतेम पाच. म्हणजे ते उष्णता धरून बसतं. थर्मल कॅमेऱ्यातून बघितलं तर उलटाच देखावा: तापलेला चकचकीत पत्रा थंड दिसतो, आणि त्यात आपल्याच चेहऱ्याची ऊब परावर्तित होऊन दिसते. पंखा असलेल्या लॅपटॉपला याने फार फरक पडत नाही. पंखा नसलेल्या, बॉडीतूनच उष्णता सोडणाऱ्या लॅपटॉपला पडू शकतो.

शेवटची गोष्ट आपल्याकडच्या बहुतेकांनी अनुभवलेली आहे. दोन पिनांचा चार्जर लावून काम करताना पत्र्यावरून बोट अगदी हलकं फिरवलं की गुळगुळीत पत्रा एकदम खरखरीत, थरथरता लागतो. बोट थांबवलं की थरथर गायब. चार्जरच्या आत सुरक्षेसाठी बसवलेल्या एका कपॅसिटरमधून अगदी किरकोळ प्रवाह बॉडीवर येतो आणि अर्थिंग नसल्यामुळे तिथेच तरंगत राहतो. बोट आणि धातू यांच्यामध्ये ऑक्साइडचा रोधक थर. म्हणजे बोट स्वतःच एका कपॅसिटरची एक पट्टी झालं. मग पत्रा बोटाच्या कातडीला सेकंदाला शंभर वेळा ओढतो आणि सोडतो. आपल्या विजेची वारंवारता पन्नास, पण प्रवाह कुठल्याही दिशेचा असला तरी ओढ ही ओढच, म्हणून शंभर. बोट सरकत असेल तरच घर्षण कमी-जास्त होतं आणि कातडी थरथरते. दिव्याचा चकचकीत पितळी होल्डर दिवा चालू असताना बोटाला एरवीइतका गुळगुळीत का लागत नाही, या प्रश्नापासून सुरुवात करून मॅलिंक्रॉट आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा परिणाम मांडला. त्याला इलेक्ट्रोव्हायब्रेशन म्हणतात, आणि काचेच्या पडद्यावर खडबडीतपणाचा भास निर्माण करण्यासाठी त्यावर आजही प्रयोग चालतात.

थर काढलेल्या लॅपटॉपवर ही थरथर पूर्ण जात नाही, कारण बोटावरचा कोरडा कातडीचा थरही थोडाफार रोधकच असतो. पण हात ओलसर असला की मध्ये अडवायला काही उरत नाही आणि मनगटाला सरळ झिणझिण्या येतात. जीवघेण्या नसतात, वैताग आणणाऱ्या मात्र नक्की. उपाय म्हणजे तीन पिनांची केबल. ती आणून लावल्यावरही झिणझिण्या चालूच राहिल्या तर लॅपटॉपकडे संशयाने पाहू नका, भिंतीकडे पाहा. जुन्या घरांतल्या पुष्कळ सॉकेटांना वरचं मोठं भोक असतं, पण त्याच्या मागे अर्थिंगची तार कुणी जोडलेलीच नसते.